आवाज उतरतो, धार का जाते?

नाशिकच्या गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा आठवा. गायकाने तोंड उघडलं की इलेक्ट्रिक गिटारवाला आपला आवाज उतरवतो आणि गिटारवर कुणी गोधडी टाकल्यासारखी ती घुसमटते. दोष बोटांचा नाही. व्हॉल्यूमचं बटण उतरवलं की सिग्नलच्या वाटेतला रोध वाढतो. मग लांबलचक केबलची धारिता वरचे तीव्र सूर गिळते.

इलाज अगदी स्वस्त. व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटच्या, म्हणजे पोटेन्शिओमीटरच्या, सिग्नल येणाऱ्या आणि मधल्या टोकांना जोडून ‘१०२’ छापलेला, म्हणजे १००० पिकोफॅरडचा, इवलासा कपॅसिटर डाख देऊन बसवायचा. तीव्र सूर त्यातून निसटतात. आवाज पूर्ण सोडलेला असताना तो असून नसल्यासारखाच! मात्र फार उतरवलं तर गिटार नुसती किणकिणते; म्हणून त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर लावतात. बटणाची चाल थोडी बदलते, पण दोन दिवसांत हाताला सवय होते.