बाबांची सभा



मघाशी काहींनी विचारलं, बाबांची शोकसभा तशी का केली? सांगते. बाबांचे डोळे ६ तासांच्या आत दिले, मग देह वैद्यकीय महाविद्यालयाला. त्यामुळे ना राख, ना अस्थी. "मग दहाव्याला करायचं काय?" हा आईचा प्रश्न रास्त होता. भावाने तीन वक्ते सुचवले, प्रत्येकी दहा मिनिटं. मला ती ऑफिसातली मीटिंगच वाटली! बाबा गल्लीतले रेडिओ, मिक्सर दुरुस्त करायचे. म्हणून निरोप एवढाच धाडला: त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू आणा, तिच्याबद्दल दोन वाक्यं बोला. हार नको, माइक नको. आईने सकाळी गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. कोणी अडवलं नाही. संध्याकाळी सात रेडिओ आले, त्यातले दोन चालू. शेजारच्या काकूंनी इस्त्री आणली. "अजून तापते हो," एवढंच म्हणाल्या.