यादी आधी, बाजार मग

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून किराणामालाविषयी बोलणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर येऊन संसार उभारणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीने ठरावीक पगारात मुलांची शिक्षणे केली, घरे बांधली, ती हिशेबाच्या वहीच्या आधारावर. ती वही आज अनेक घरांतून नाहीशी होत आहे. म्हणून हा विषय मला अगत्याचा वाटतो.

खरेदीत हात सैल सुटला की आपण स्वभावाला दोष देतो. माझ्या मते त्याहून मोठे कारण दुकानाच्या रचनेत आहे. वाण्याच्या दुकानात माल त्याच्या पाठीशी असे आणि गिऱ्हाईक अलीकडे उभे राही. डाळ हवी तर तोंडाने मागावी लागे; मागायची तर काय हवे आणि किती हवे, हे घरून ठरवून जावे लागे. महिन्याची यादी हे त्या व्यवहाराचे अंगच होते.

१९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने अमेरिकेतील मेम्फिस शहरी ‘पिगली विगली’ नावाचे दुकान काढले आणि ग्राहकाने फळ्यांमधून हिंडून स्वतःच माल उचलावा, अशी योजना केली. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीतील सिल्व्हन गोल्डमन यांनी आपल्या दुकानांत चाकांची गाडी आणली. हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबते, हे त्यांनी हेरले होते. आपल्या शहरांतील मोठ्या दुकानांत आज हीच पद्धत रूढ आहे. मागण्याची जागा उचलण्याने घेतली. मागताना विचार आधी होतो. उचलताना हात आधी जातो आणि विचार घरी पोहोचल्यावर सुचतो.

या दुकानांचे गुणही मान्य केले पाहिजेत. वस्तू हाती घेऊन पाहता येते, लेबल वाचता येते, कोणी आग्रह करीत नाही. मात्र तेथील मांडणी सहेतुक असते. दूध घ्यायला गेलेल्यास पुष्कळदा सारे दुकान ओलांडावे लागते. नफ्याचा माल डोळ्यांसमोरच्या फळीवर असतो आणि पैसे देण्याच्या रांगेजवळ मुलांच्या हाताला लागतील अशा गोळ्या-चॉकलेटे असतात. ९९ रुपये ही किंमत शंभराच्या अलीकडची म्हणून मनाला हलकी वाटते.

‘दोनांवर एक फुकट’ ही पाटी घ्या. वस्तू ६० रुपयांची आणि गरज एकीची. आपण १२० रुपये देऊन तीन घरी आणतो आणि ६० रुपये वाचल्याचे समाधान मानतो. वास्तविक ६० रुपये अधिक गेलेले असतात. आठवड्याला असे १५० रुपये जादा गेले, तर वर्षाचे ७,८०० होतात. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबाथेंबाने आटतेही.

उपाय जुनाच आहे : निर्णय घरी करावा, दुकानात केवळ त्याची अंमलबजावणी करावी. डबे उघडून पाहावेत, मग यादी लिहावी आणि प्रत्येक वस्तूपुढे परिमाण घालावे. ‘साबण’ एवढेच न लिहिता ‘साबण, ३ वड्या’ असे लिहावे. पोटात भूक असताना बाजारात जाऊ नये. चार जिनसा हव्या असतील तर गाडी न घेता टोपली घ्यावी. यादीबाहेरची वस्तू मनात भरली, तर ती पुढच्या यादीत लिहून ठेवावी; पुष्कळदा तोवर तिची ओढ ओसरलेली असते.

भाव पाहण्याचीही रीत आहे. कमाल किरकोळ किंमत ही केवळ वरची मर्यादा होय. तिच्यावर दिलेली सूट पाहण्यापेक्षा दुसऱ्या दुकानातील प्रत्यक्ष भाव पाहावा. पाकिटांवर आता एकक विक्री किंमतही छापावी लागते. किलोहून कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमची असते, अधिक वजनाच्या पाकिटावर दर किलोची. ग्रॅमला ०.४८ रुपये म्हणजे किलोला ४८० रुपये, एवढा हिशेब केला की मोठे पाकीट खरोखर स्वस्त आहे की नाही, ते कळते. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना ३.५ टक्के व्याज क्षुल्लक दिसते. वर्षाचा साधा हिशेबही ४२ टक्क्यांवर जातो.

यादीचे सामर्थ्य आपल्या माणसांनी संघटितपणे दाखवून दिले आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे लहान लहान संघ केले. प्रत्येक घराने महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एकत्र खरेदी व्हायचा आणि संघांत वाटला जायचा. या पद्धतीत फळीसमोर उभे राहून मोहात पडण्याचा प्रसंगच येत नाही. आपल्या मंडळातील दहा-बारा कुटुंबांना निदान दिवाळीच्या सामानापुरता हा प्रयोग सहज करता येईल.

काटकसर म्हणजे कृपणता नव्हे. सणाला गोडधोड व्हावे, मुलांची हौस पुरवावी, पाहुण्यांचे यथास्थित आगतस्वागत करावे. फक्त हौसेलाही यादीत तिची ओळ असावी, म्हणजे ती मुलांच्या फीच्या पैशांवर उठत नाही. ही यादी घरातील सर्वांनी एकत्र बसून करावी आणि मुलांच्या हाती लिहावयास द्यावी. पैशाचे मोल त्यांना शिकविण्यास याहून सोपी शाळा मला ठाऊक नाही.