शिपायाचा न्याय कोणीं करावा?



स्वतःच्या मुलाची उत्तरपत्रिका बापानें तपासूं नये, हा नियम आम्हां मास्तरांना कोणीं समजावून देण्याची गरज नसे. मुलगा लबाड असतो असें नाहीं. बापाचा हात कांपतो. शिपायानें युद्धांत गुन्हा केल्यास त्याचा न्याय त्याच्याच राष्ट्रानें करावा कीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें, हा वाद ऐकतांना मला तो नियम आठवतो.

१६ मार्च १९६८ रोजीं व्हिएटनाममधील माय लाय ह्या खेड्यांत अमेरिकन पायदळाची एक तुकडी शिरली. समोर आल्या त्या बायका, मुलें व म्हातारीं माणसें. कांहीं तासांत शेंकडों जीव गेले. अमेरिकन लष्करी चौकशीनें आंकडा ३४७ धरला. तेथील स्मारकावर ५०४ नांवें आहेत. ह्यू टॉम्प्सन नांवाच्या अमेरिकन वैमानिकानें आपलें हेलिकॉप्टर स्वकीय शिपाई व पळणारे गांवकरी यांच्या मध्यें उतरविलें आणि कांहीं जणांना वांचविलें. देशाभिमानाचा धडा आज मला शिकवावयाचा असता, तर मीं ह्या गृहस्थापासून आरंभ केला असता.

प्रकरण वर्षाहून अधिक काळ दडपलें गेलें. पुढें खटले झाले, पण शिक्षा लागली ती एकट्या लेफ्टनंट कॅली यास. १९७१ सालीं ज्यूरीच्या सहा लष्करी अधिकाऱ्यांनीं त्यास २२ खुनांबद्दल दोषी ठरविलें, हें त्यांस भूषणावह होय. जन्मठेप झाली. परंतु देशांत कॅलीच्या बाजूनें लोकमत उसळलें, आणि थोड्याच दिवसांत अध्यक्ष निक्सन यांच्या आज्ञेनें तो तुरुंगांतून आपल्या बिऱ्हाडीं गेला. १९७४ सालीं तो सुटला.

२००२ पासून हेग येथें कायम स्वरूपाचें आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. त्याचा एक नियम पुष्कळांस ठाऊक नसतो: एखादें राष्ट्र स्वतः प्रामाणिकपणें चौकशी चालवीत असेल, तर हें न्यायालय त्या प्रकरणांत हात घालीत नाहीं. तरीहि त्याच वर्षीं अमेरिकेनें कायदा करून, तेथें अडकलेला आपला शिपाई सोडविण्यासाठीं आवश्यक ते सर्व उपाय योजण्याची मुभा अध्यक्षांस दिली!

आपला देशहि ह्या न्यायालयाचा सभासद नाहीं. १९९८ सालीं रोम येथील मतदानांत भारत तटस्थ राहिला. सुरक्षा समितीस तेथें प्रकरणें धाडण्याचा अधिकार दिला, हा आपला एक आक्षेप. तो पोकळ नाहीं. स्वतः न्यायालय न मानणाऱ्या बड्या राष्ट्रांनीं दुसऱ्यांस तेथें धाडावें, ही रीत कोणास रुचेल? अफगाणिस्तानांतील अमेरिकन शिपायांच्या चौकशीस २०२० सालीं परवानगी मिळाली, तेव्हां अमेरिकेनें सरकारी वकिलावरच निर्बंध लादले; पुढच्या वर्षीं नव्या वकिलानें चौकशीचा तो भाग बाजूस ठेवला.

एवढें असूनहि मी ह्या न्यायालयाच्या बाजूनें आहें. पहिला न्याय घरींच व्हावा. पण घरीं हात कांपला तर पुढें जावयास जागा हवी. माय लायमधून जीं माणसें वांचलीं, त्यांना १९७१ सालीं अशी जागा कोठेंहि नव्हती.