घराचा काटकोन



घर बांधण्यास गणित किती लागते, असे विचारले असता सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. अभियंता आपल्या तक्त्यांकडे व आकडेमोडीकडे बोट दाखवितो. गवंडी म्हणतो, आमचे काम हाताचे आहे. या दोन उत्तरांत वाटतो तेवढा विरोध नाही.

बंगळूरमधील इंदिरानगर ही १९७० च्या दशकात आखणी करून वसविलेली वसाहत. या शहरातील अशा वसाहतींत ३० फूट रुंद व ४० फूट लांब भूखंड सर्वांच्या परिचयाचा आहे. या मापात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. ३० चा वर्ग ९००, ४० चा १६००. त्यांची बेरीज २५०० आणि तिचे वर्गमूळ बरोबर ५०. म्हणजे चारही कोपरे काटकोनी असतील, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील अंतर नेमके ५० फूट भरले पाहिजे.

समजा, चारही बाजू अचूक मोजल्या, परंतु एक कोपरा ९० ऐवजी ८९ अंशांचा झाला. ही चूक डोळ्यांस दिसत नाही. बाजू पुन्हा मोजूनही ती सापडत नाही. कर्ण मात्र ती तत्काळ उघड करतात. एक सुमारे ५० फूट ५ इंच भरतो, तर दुसरा ४९ फूट ७ इंच. इकडे ४० फूट लांबीच्या भिंतीचे टोक आठ इंचांहून अधिक सरकलेले असते. म्हणजे जवळजवळ एका विटेच्या लांबीइतके. फक्कीच्या रेघा आखल्या असता ही चूक दोरी हलवून सुधारता येते. पाया भरल्यानंतर तीच चूक प्रत्येक खोलीत शिरते, फरशी तिरकी कापावयास लावते, आणि प्रसंगी शेजाऱ्याशी हद्दीचा तंटाही उभा करते.

म्हणूनच गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांवर, दुसरीवर ४ फुटांवर खूण करतो आणि तिरके अंतर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवितो. यज्ञवेदी रचणाऱ्यांसाठी लिहिलेल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात हेच तत्त्व ख्रिस्तपूर्व काळी सांगितलेले आहे. 'शुल्ब' म्हणजे दोरीच.

जी गोष्ट कोपऱ्याची, तीच तुळईची. २ इंच जाड व ६ इंच रुंद फळी आडवी टाकण्याऐवजी कडेवर उभी ठेवली, तर तिची भार पेलण्याची शक्ती तिप्पट व न वाकण्याचा गुण नऊपट होतो. लाकूड तेवढेच, लाभ केवळ घन आणि वर्ग यांचा. सुतारास हे हाताने कळते, अभियंत्यास सूत्राने.

घरात कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी गुंतलेली असते. तुळईचा हिशेब जाणकारावर सोपवावा, हे योग्यच. परंतु पाया खणण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजून पाहण्यास शाळकरी मुलाचे गणित आणि एक लांब फीत पुरेशी आहे.