टेकडीचा हिशेब
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



दहावीला भूगोलात मला किती गुण होते ते बाईंना आठवत असेल. कृपया इथे सांगू नये. त्याच भूगोलावर पुढे माझं पोट चाललं. शहरातल्या डोंगर-झाडांचा, नदी-नाल्यांचा माणसाला काय उपयोग होतो ते मोजणं, हे माझं काम. त्याला 'परिसंस्था सेवा' म्हणतात. २००५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या अहवालापासून हा शब्द रूढ झाला. मला तो फारसा आवडत नाही. टेकडी काही आपल्याकडे नोकरीला नाही.

आपली वेताळ टेकडी घ्या. पीटीच्या तासाला सर पळवत न्यायचे, तीच. तिचं एक काम मोजायला सोपं आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. माती-गवत असेल तर त्यातलं बरंच मुरतं. डांबर असेल तर तेच खालच्या वस्तीत घुसतं. गारव्याचे, धुळीचेही आकडे निघतात.

पण वरच्या वेताळाच्या देवळाचा आकडा काय काढायचा? त्यासाठी आम्ही प्रश्नावली छापली, पहाटे वाटेवर उभे राहिलो. सगळ्यांनी सांगितलं: शुद्ध हवा, व्यायाम, मोर, मनःशांती. तक्ता सुरेख झाला. तो मी अभिमानाने आपल्याच एका वर्गमित्राला दाखवला. तो इथे समोर बसलाय. नाव घेऊ नकोस म्हणालाय. त्याने तक्ता पाहिला आणि विचारलं, "यात माझी आई कुठंय गं?"

त्याची आई टेकडीवरून जळण आणायची, भर दुपारी. त्याच्या डब्यातल्या भाकरीला धुराचा वास येतो म्हणून आपण हसायचो. मीही हसले आहे. आणि आमच्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, 'आपण येथे फिरायला कधीपासून येता?' फिरायला न येणारा तिथेच बाद.

मग पुन्हा गेलो. दुपारी, संध्याकाळी, कागद न घेता. पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू आधी कुठे उगवतो हे सांगणाऱ्या बायका भेटल्या. घरात जागा नाही म्हणून झाडाखाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा भेटला. जोडपीही भेटली; त्यांनी मुलाखत दिली नाही.

टेकडीवरून रस्ता न्यावा की नाही, हा वाद तुम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी आकडा नसलेली गोष्ट बैठकीत कुणी विचारत नाही. म्हणून जळणाचा, भाजीचा बाजारभाव लावून तेवढे रकाने मी भरले. देवळापुढचा रकाना मोकळा ठेवला आणि खाली 'किंमत काढलेली नाही' असं लिहिलं. त्यावरून बोलणी खाल्ली. तरी तो तसाच आहे.

उद्या दुपारी तीनला मी वर जाणार आहे. गुडघे साथ देत असतील त्यांनी यावं. मित्राच्या आईंना आता चढवत नाही, पण वाट कुठून धरायची ते त्यांनी मला समजावून दिलं आहे.