चिकटलेला ब्रेक आणि सहीचा कागद

(चारबाग, लखनौ येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लखनौला चार मराठी माणसे भेटली की बोलणे बदलीवर आणि गावाकडच्या पावसावर जाते. आज आम्ही ब्रेकवर बोलणार आहोत. जागा त्याला साजेशी आहे. १८६७ साली सुरू झालेला इंजिनांचा कारखाना याच चारबागेत, डब्यांचा कारखाना शेजारी आलमबागेत, आणि गाड्यांच्या ब्रेकची मानके ठरवणारी आर.डी.एस.ओ. इथून जवळच मानकनगरला. पण खरे कारण दुसरेच आहे. लखनौहून सुटलेली एक गाडी आमच्या खानदेशात थांबली, आणि तिथे जे घडले ते आमच्या मनातून जात नाही.

२२ जानेवारी २०२५. मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्सप्रेस भुसावळ, जळगाव मागे टाकून पाचोऱ्याच्या अलीकडे, माहेजी ते परधाडे यांच्या दरम्यान होती. डब्याखाली ठिणग्या दिसल्या म्हणतात; ब्रेक चिकटला असेल किंवा ॲक्सल तापला असेल, असे प्रथमदर्शनी सांगण्यात आले. गाडीत ‘आग, आग’ अशी हाक उठली, साखळी ओढली गेली, माणसे शेजारच्या रुळावर उतरली. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान बारा जीव गेले. आग लागलेलीच नव्हती.

आता आपल्यातल्या टपालवाल्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो. कॅरेजवाल्यांनी कंटाळा करू नये. पुष्कळांना वाटते की हवेने ब्रेक लागतो आणि हवा गेली की ब्रेक जातो. प्रत्यक्षात उलटे आहे. ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब असतो तोवर ब्रेक सुटलेला राहतो. दाब उतरला की डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह डब्याखालच्या टाकीतली हवा सिलिंडरात सोडतो आणि ब्लॉक चाकाला भिडतो. होज फुटला, गाडी तुटली, तरी ब्रेक आपोआप लागतो. वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये ही युक्ती काढली. ती नसली तर काय होते ते आयर्लंडमध्ये अर्मा इथे १२ जून १८८९ रोजी दिसले. चढावर सोडवून ठेवलेले डबे मागे घरंगळले आणि ८० माणसे मेली. त्याच वर्षी तिकडे आपोआप लागणाऱ्या ब्रेकची सक्ती झाली.

म्हणजे आपला ब्रेक बिघडतो तो बहुतेक वेळा लागून राहण्याच्या बाजूने. ‘गाडी थांबेल, फार तर उशीर होईल,’ असे म्हणून आपण त्याला किरकोळ समजत आलो. पाचोऱ्याजवळ जे घडले त्यानंतर तो शब्द आमच्या तोंडून निघत नाही.

चिकटतो कशाने? कधी व्हॉल्व्हमध्ये कचरा, कधी हँडब्रेक विसरलेला, कधी साखळी ओढल्यावर डब्याच्या टोकाचा व्हॉल्व्ह नीट पूर्ववत न केलेला. आणि एक कारण असे की नवी पोरे त्यात हमखास फसतात. इंजिन बदलते. जुन्या इंजिनाने पाइप किंचित जास्त दाबाने भरलेला असतो, नवे इंजिन बरोबर ५ वर असते. गेज ठीक दिसते, पण डब्यातला व्हॉल्व्ह समजतो की दाब उतरला, आणि ब्रेक हलकासा धरून ठेवतो. उपाय एकच: प्रत्येक डब्याखालचे हँडल ओढून हवा सोडणे. व्हॅक्यूमच्या काळातही खलाशी डब्याडब्याशी वाकतच होता. चोवीस डबे म्हणजे चोवीस वेळा वाकणे. त्याला माणूस लागतो आणि मिनिटे लागतात. कागदावर दोन्ही असतात. फलाटावर कितपत असतात ते तुम्हीच सांगा.

आमच्याच नोकरीतली गोष्ट. यार्डाचे नाव घेत नाही. रेक तीन तास उशिरा आला, लगेच परत जायचा होता. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सुपरवायझर, ड्रायव्हर, गार्ड तिघांच्या सह्या लागतात. मेल-एक्सप्रेसला सुरुवातीच्या स्टेशनवर ब्रेक शंभर टक्के हवेत. एका डब्याचा ब्रेक सुटेना. वरून निरोप आला, आयसोलेट करा आणि जाऊ द्या, लिहिण्याचे पुढे बघू. आम्ही तेव्हा नवीन होतो. सही करायला पेन काढलेही होते. आर.एम.एस.च्या डब्यातले एक सॉर्टर दारात उभे राहून हे ऐकत होते. ते म्हणाले, “साहेब, आम्ही रजिस्टरचे एक पाकीट कमी असेल तर ताबा घेत नाही.” आम्ही पेन खिशात ठेवले. व्हॉल्व्ह बदलला. चाळीस मिनिटे गेली, खुलासा मागितला गेला, तो आम्ही दिला. टपालवाल्या माणसाने कॅरेजवाल्यांना शिकवावे हे त्या रात्री बरेच झोंबले होते.

म्हणून मागणी मांडताना ‘सुरक्षा’ हा मोठा शब्द पुरत नाही. पिट लाइनवरची मिनिटे मागा. गाडी आत येताना उभे राहून पाहणारा आणि थांबल्यावर चाकाची ऊब तपासणारा माणूस मागा. आणि गाडीतल्या घोषणेचेही मागा. पाचोऱ्याजवळ उड्या मारणारे मूर्ख नव्हते. धूर दिसला, कोणी सांगायला नव्हते, त्यांनी जे सुचले ते केले. ‘ब्रेक तापला आहे, आग नाही, शेजारच्या रुळावर उतरू नका,’ एवढे वाक्य डब्यात पोहोचायला हवे होते. इंजिनाचा फ्लॅशर समोरच्या ड्रायव्हरला सावध करतो, पण तिथे वळण होते आणि वेगातली गाडी जागच्या जागी थांबत नाही.

आपल्यापैकी प्रत्येक जण वर्षातून दोनदा तरी प्रवासी म्हणून गावी जातो. जळका वास आला तर साखळीकडे धावण्याआधी टी.सी.ला, गार्डला गाठा. डबा एल.एच.बी. असेल तर गाडी उभी असताना बाहेरच्या बाजूची छोटी खिडकी पाहा. हिरवे म्हणजे ब्रेक सुटलेला, लाल म्हणजे लागलेला. गाडी निघायच्या बेतात आणि एकाच डब्यावर लाल राहिले, तर फलाटावरच्या कॅरेजवाल्याला हाक मारा. तो वैतागेल, पण पाहील.

ज्यांनी ही खिडकी कधी पाहिली नसेल त्यांनी सभेनंतर आमच्याबरोबर फलाटावर चलावे, तिथेच दाखवतो.