नागीण, औषधं आणि आपण शेजारी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बँकेतला माणूस, म्हणजे मेंटेनन्सच्या हिशेबावर बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज आजारपणाबद्दल बोलतो.

आमच्या सौ.चं मूत्रपिंड बदललं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिच्या बरगडीवर पुरळ उठलं. नागीण! कोणी म्हणालं गेरू लावा, कोणी म्हणालं तोंड-शेपूट जुळलं की माणूस गेला. मी पदवीधर, तरी चार दिवस गेरू लावत बसलो. चूक माझीच.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती घटली की डोकं वर काढतो. वेढा पूर्ण झाल्यानं कोणी मरत नाही. पण अशा रुग्णात तो फुप्फुस, मेंदूपर्यंत जाऊ शकतो. औषध 72 तासांत सुरू झालेलं उत्तम. उशीर झाला तरी जायलाच हवं.

पाचव्या रात्री ताप चढला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि भर पावसात आंबा घाटातून कोल्हापूर गाठलं. ॲसायक्लोव्हिर सुरू झालं, पण ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, "एक विषाणू सापडला म्हणून शोध थांबवायचा नसतो." रक्तात सायटोमेगॅलोव्हायरसही निघाला. मग गॅन्सिक्लोव्हिर दिलं. ते दोन्हींवर चालतं, पण त्यानं पांढऱ्या पेशी घटतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली तर मूत्रपिंडाला धोका, तशीच ठेवली तर विषाणूंना मोकळं रान. रोज रक्त तपासून डोस ठरे. अशी तारेवरची कसरत करून ती घरी आली.

म्हणून हात जोडून सांगतो. केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा प्रत्यारोपणाची औषधं चालू असलेल्यांनी पुरळ वा ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं, औषधांची यादी जवळ ठेवावी आणि मनानं एकही गोळी बंद करू नये. फ्लूची आणि नागिणीची लस विचारून घ्यावी. जिवंत विषाणूची लस तर विचारल्याशिवाय मुळीच नको. आणि इतरांनी सर्दी-खोकला असताना भेटायला न जाता फोन करावा. त्यात परकेपणा नाही, मायाच आहे.

त्या रात्री गाडी निघाली म्हणून आज सौ. पहिल्या रांगेत बसली आहे. पंचवीस वर्षांत या सोसायटीनं काय कमावलं, ते मी यावरून मोजतो.